पहिला तोडा

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचे डबे धुऊन माळ्यावर गेले आणि आज मी एक आगाऊपणा करून आले. शेजारच्या इंदुमतीकाकूंकडे त्यांचा रिकामा प्लॉट भाजी लावायला मागितला.

हा प्लॉट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे. काकूंचे यजमान परदेशीपुऱ्यात मिलच्या ऑफिसात होते. घर बांधलं तेव्हाच मुलासाठी म्हणून त्यांनी बाजूची जागा घेऊन ठेवली. मुलगा, हृषीकेश, आता बेंगळुरूला असतो आणि जागेत गाजरगवत असतं. कोणी रात्रीतून मलबा टाकून जातं आणि मग पालिकेच्या चालानाची, दंडाची, भीती काकूंना. म्हणजे मी मागायला जाणं हा एक प्रकारे उपकारच, अशी मनाची तयारी करून गेले होते.

मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे कागदाशिवाय काही सुचत नाही. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट टाइप करून नेलं होतं. अर्धी भाजी त्यांची, अर्धी आपली, असं लिहिलं होतं. काकूंनी चष्मा लावून ते सगळं वाचलं, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवली.

"कागद हृषीकेशला आवडेल, मला नको," म्हणाल्या. "पैसे नकोत, अर्धा वाटा पण नको. एकटीला किती लागतं? माझी एकच अट आहे, देवयानी. जे लावशील त्याचा पहिला तोडा माझ्या घरी यायचा. मग बाकीचं खा, वाट, मला विचारू नकोस. रथसप्तमीपर्यंत करून बघ, मग पुढचं ठरवू."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या स्वस्तात जमीन मिळाल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण जिना उतरताना कुणाच्या तरी ताटातलं उचलून आणल्यासारखंही वाटत होतं. नवऱ्याला, यतीनला, सांगितलं तर तो इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, डील तर मस्त केली तू." त्याने जास्तच वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

मजूर लावून जमीन खणून घेतली. मल्हारगंजातून बी आणलं. मेथी, पालक, थोडी गाजरं आणि उरलेल्या सगळ्या जागेत मटार, म्हणजे आपला इंदुरी बटला. पाणी काकूंच्या बोरिंगचं. नळीही त्यांनीच काढून दिली.

मटार एवढे का, ते इथे लिहायला हरकत नाही. मागच्या जानेवारीत माझ्या हळदीकुंकवाला मी साबणाच्या डब्या वाण म्हणून दिल्या होत्या आणि आमच्या ग्रुपातल्या मंजुषाने आठ दिवसांनी तिच्याकडे सगळ्यांना थर्मासच्या बाटल्या दिल्या. कोणी काही बोललं नाही. पण होळीपर्यंत बाटल्यांचंच कौतुक चाललं होतं. या वर्षी मी घरच्या ताज्या मटाराच्या शेंगा देणार आहे. बघू मग बाटल्या कुठे जातात.

या विचाराची लाज वाटते. तरी मटार वाढवूनच लावले.

३० नोव्हेंबर, रविवार

मेथीचा पहिला तोडा. ठरल्याप्रमाणे परवा काकूंकडे पोचवला. काकू जुडी नाकाशी धरून बराच वेळ उभ्या होत्या. काल माझी परात परत आली ती मेथीच्या वड्या घेऊन. रिकामं भांडं त्या कधी पाठवत नाहीत.

आज बसवून घेतलं त्यांनी. मी मग वाणाचा बेत सांगून टाकला. काकू एकदम ताज्यातवान्या झाल्या. किती जणी येतात, कोण कोण येतं, बसायची व्यवस्था कुठे करतेस, सगळं विचारलं. तेवीस जणी, मी सांगितलं. भाजी हातात कशी देणार, त्यासाठी पिशव्या पाहिजेत, आणि त्या पिशव्या त्या स्वतः शिवणार, जुन्या सुती साड्या पडल्याच आहेत. मी नको म्हणायला हवं होतं, निदान एकदा तरी. पण मला आयत्या पिशव्या दिसत होत्या.

मग त्यांनी पुण्याच्या भाचीची गोष्ट काढली. ती म्हणे हल्ली हळदीकुंकवाला सगळ्याच बायकांना बोलावते, नवरा असो नसो. मी म्हटलं, पुण्यात काय काकू, तिकडे सगळं चालतं. काकू चहा ठेवायला उठल्या.

२१ डिसेंबर, रविवार

मटाराला फुलं आली. पांढरी, खाली मान घातलेली. थंडी चांगली पडली आहे. पालकाचा पहिला तोडाही काकूंना दिला. शब्द पाळते आहे, याचं मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

काकूंच्या घरात शिवणयंत्राचा आवाज खिडकीतून ऐकू येतो. परवा त्यांनी कपाटातून चांदीची गुलाबदाणी आणि कुंकवाचा करंडा काढून दिला. तुझ्या कार्यक्रमाला घे, इथे नुसता काळा पडतोय, म्हणाल्या. म्हातारपणी माणसं घर रिकामं करायला लागतात, तसंच असेल. मी चिंचेने घासून दोन्ही वस्तू लखलखीत केल्या.

११ जानेवारी, रविवार

पिशव्या आल्या. काय सुंदर शिवल्या आहेत. प्रत्येकीला वेगळा काठ, आत अस्तर, बंद दुहेरी शिवणीचे. मोजल्या तर चोवीस. मी तेवीस सांगितल्या होत्या. काकूंचा हिशेब चुकला बहुतेक. जास्तीची पिशवी मी दोरीवर टांगून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला काकूंकडे गेले. हळदीकुंकू कधी ठेवलंस, त्यांनी विचारलं. रविवारी अमावास्या आहे म्हणून शनिवारी, पाच वाजता, मी म्हटलं.

"पाच म्हणजे चारला तयार व्हायला हवं," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, काळजी नका करू, मी ऑफिसात सुट्टी टाकली आहे, तीनलाच तयार असेन.

घरी येईपर्यंत काहीतरी टोचत होतं. काय ते कळलं नाही. तिळगूळ देताना पाया पडायची राहिले, म्हणून असेल.

१६ जानेवारी, शुक्रवार

अडचण झाली. शेंगा भरल्या आहेत, पण अपेक्षेपेक्षा कमी. सगळ्या तोडल्या तर तेवीस पिशव्या जेमतेम भरतील. काकूंचा पहिला तोडा काढायचा तर पिशव्या अर्ध्या राहतील. बाजारातून आणून भर घालावी असं यतीनचं म्हणणं. पण मग घरचे म्हणून कशा देणार? एवढा खोटेपणा मला जमणार नाही.

मेथीचा पहिला तोडा दिला, पालकाचा दिला. मटाराचा चार दिवसांनी दिला तर काय बिघडलं? काकूंच्या तोंडात दात तरी किती. हे मी लिहिलं खरं, पण वाचून चांगलं वाटत नाही.

आणखी एक. संध्याकाळी मंजुषाचा फोन आला होता. बोलता बोलता मीच म्हटलं, काकूंनी इतकं केलंय, त्यांना बोलवावं का? मंजुषा म्हणाली, "अरे यार, तू पण ना. त्यांनाच ऑकवर्ड होईल. सगळ्यांना कुंकू लावणार आणि त्यांच्यापाशी आल्यावर काय करणार तू?" खरंच, काय करणार? आमच्याच घरात सासूबाई दर वर्षी हळदीकुंकवाच्या वेळी आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसतात. बाबा गेल्यापासून. कधी कुणी त्यांना जा म्हटलं नाही. त्या पिढीला हे असंच आवडतं.

मी फोन ठेवला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ते का वाटलं, याचा विचार केला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

कार्यक्रम फार छान झाला. पिशव्या हातोहात गेल्या. जिने तिने शेंग फोडून तिथेच दाणे खाल्ले. मंजुषाने पिशवीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. गुलाबदाणी कुठली, सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुनी आहे.

आमच्या घरची आहे असं मी म्हटलं नाही. काकूंची आहे असंही म्हटलं नाही.

सकाळी मटार तोडत होते तेव्हा काकूंच्या बाल्कनीत त्यांची मोरपिशी महेश्वरी साडी उन्हात टाकलेली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास खालपर्यंत येत होता. कुणाचं लग्न आहे का काकू, असं मी खालून विचारलं. काकू म्हणाल्या, नाही गं, अशीच काढली. टोपली माझ्या कमरेशी होती, ती मी जरा पाठीमागे धरली.

आता सगळ्या जणी गेल्या आहेत. आई, म्हणजे सासूबाई, आतल्या खोलीतून बाहेर येऊन शेंगांची सालं गोळा करत आहेत. मला खूप यश आलं आहे आणि जेवावंसं वाटत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसातून आल्यावर उरलेल्या शेंगा तोडल्या आणि काकूंकडे नेल्या. बारीक होत्या, काही पोचट. काकूंनी ताट घेतलं. चेहरा नेहमीचाच.

"पहिला तोडा कसा निघाला?"

"हाच की काकू," मी म्हटलं. "थोडाच निघाला या वेळी."

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. कुणी विचारलं नसतं तर मी खरं सांगणार होते, जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. काकू शेंगा निवडत राहिल्या. पोचट शेंगा बाजूला काढल्या नाहीत, सगळ्यांबरोबरच ठेवल्या.

"शनिवारी मी बाल्कनीत बसले होते," म्हणाल्या. "सगळ्यांच्या पिशव्या छान भरलेल्या दिसत होत्या. शिवण उसवली नाही ना कुठली?"

मी नाही म्हटलं. एवढंच. मग ताट रिकामं करून द्यायला त्या आत गेल्या, तर मी थांबलेसुद्धा नाही. माझं ताट तिथेच आहे.

२१ जानेवारी, बुधवार

ताट आलं. आमच्या दाराशी ठेवलेलं मिळालं, वर रुमाल, आत तिळाच्या वड्या. बेल वाजवली नव्हती.

आई वडी खात होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला आत बसायला आवडतं ना हळदीकुंकवाच्या वेळी?

"आवडीचा प्रश्न कुठे आला त्यात," आई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मी वाट पाहिली, कोणी बाहेर ये म्हणतं का. नंतर सवय झाली."

सोळा तारखेला मी या वहीत काय लिहिलं होतं, ते परत वाचायची हिंमत झाली नाही.

मग पिशव्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, काकूंनी एक जास्त शिवली होती, मोजताना चुकल्या. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या तोंडून काय गेलं ते तेव्हा कळलं. चार वाजता तयार व्हायला हवं, हे त्या मला सांगत नव्हत्या. साडी कुणाच्या लग्नाची नव्हती.

दोरीवरून पिशवी काढली. चिमट्यांच्या गंजाचे डाग पडले होते. दोनदा धुतली, लिंबू चोळलं. डाग फिके झाले, गेले नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार

गेले. आज ठरवून गेले. बसायच्या आधीच म्हटलं, काकू, माझं चुकलं.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

सांगायचं ते सगळं ओठांवर होतं. आणि मी म्हटलं, "मटाराबद्दल."

काकू जरा हसल्या. मटाराचं काय, वेलाला परत येतील, म्हणाल्या. खाली प्लॉटवर नळी सुरू राहिली होती, तिचा आवाज येत होता. हृषीकेशचा फोन येतो म्हणे रोज, त्याला जागेचा सौदा करायचा आहे, आणि भाजीवाली शेजारीण त्याला आवडत नाही, कब्जा करेल म्हणतो. मी घाबरले. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला काकूंचं काही वाटलं नाही, मला भेंडीचं वाटलं, उन्हाळ्यात भेंडी लावायची होती मला तिथे.

"मी त्याला सांगितलंय, मी आहे तोवर जमीन पडीक राहणार नाही," काकू म्हणाल्या. "पण अट आता बदलायची. रविवारी रथसप्तमी. हळदीकुंकू माझ्याकडे, खाली प्लॉटवर. बायका तू बोलवायच्या. कुंकू तू लावायचं. वाण मी देणार, माझ्या हाताने. पालक आहे ना अजून?"

पालक आहे, मी म्हटलं. आणि लगेच हो म्हटलं.

जिना उतरताना विचार करत होते की हे हो काकूंसाठी होतं की जमिनीसाठी. काकूंनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

ग्रुपवर निरोप टाकला. लिहून पुसला, परत लिहिला. इंदुमतीकाकूंकडे हळदीकुंकू, असं लिहिलं. अंगठे बरेच आले. कोणी येते म्हणालं नाही. मंजुषाने मला वेगळा मेसेज केला, "हे तू काय चालवलंय?"

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

जे झालं ते सरळ लिहून काढते.

सहा जणी आल्या. मंजुषा आली, त्याचं मला आश्चर्य वाटलं. दोघींनी आधीच फोन करून खजराण्याच्या देवळात दर्शनाला जायचं आहे असं सांगितलं होतं. बाकीच्यांनी काही सांगितलंच नाही. प्लॉटवर सतरंज्या घातल्या, उन्हाचा पट्टा होता तिथे. आईंना मी स्वतः हात धरून आणलं आणि खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, केव्हाही उठावं लागेल अशा.

काकू मोरपिशी महेश्वरी नेसून आल्या. सुंदर दिसत होत्या. रोज त्यांच्या कपाळावर बारीक काळी टिकली असते, आज नव्हती. गडबडीत विसरल्या असतील, असं मला वाटलं.

मी सकाळीच मटार तोडले होते. नवीन भरलेल्या शेंगा, एकही पोचट नाही. डागाच्या पिशवीत भरून काकूंना दिल्या. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला आणि पिशवी मांडीवर ठेवली. नंतर वाण देताना पण ती मांडीवरच होती. प्रत्येकीला पालकाची जुडी देताना त्या नाव विचारत होत्या, माहेर कुठलं विचारत होत्या. मंजुषाचं माहेर देवास निघालं, तिथे काकूंच्या बहिणीचं घर, मग दोघींच्या गप्पाच संपेनात. मला वाटलं, झालं, निभावलं. इतकं सोपं होतं आणि मी काय काय करून बसले होते.

मी करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत गेले. मंजुषा शेवटची. तिचं झाल्यावर वळले तर समोर काकू. त्या बसूनच होत्या, मान किंचित वर केलेली, डोळे मिटलेले.

माझ्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. हात उचलला, तो अर्ध्यावर गेला आणि थांबला.

कोणी अडवलं नाही मला. मंजुषा पालकाच्या जुडीचा दोरा नीट करत होती. आई माझ्याकडे बघत होत्या. गेले चार दिवस मी स्वतःला जे जे समजावलं होतं ते सगळं मला पाठ होतं, आणि हात पुढे जात नव्हता. त्या वेळी मनात काय आलं तेही लिहिते. बाबा गेले तेव्हा आईंच्या कपाळावरचं कुंकू पुसताना मी पाहिलं होतं, ते आलं. यतीनचा चेहरा आला. मला वाटलं, काही होईल. काय होईल, कुणाला होईल, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी करंडा खाली ठेवला आणि गुलाबदाणी उचलली.

काकूंनी डोळे उघडले. गुलाबदाणी पाहिली. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. "छान वास आहे," काकू म्हणाल्या. आणि वळून मंजुषाला, देवासला आता टेकडीवर जायला काय काय सोय झाली आहे, ते विचारू लागल्या.

आई खुर्चीवरून उठून घरी गेल्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

सगळ्या गेल्यावर मी सतरंज्या झटकत होते. काकू मटाराच्या ओळींपाशी उभ्या होत्या.

"वेल वाळले की काढून टाक," म्हणाल्या. "मग भेंडी लाव, गवार लाव. पाणी संध्याकाळी देत जा. हृषीकेशला मी सांगते."

"अट?" मी विचारलं.

"पहिलीच," काकू म्हणाल्या. "पहिला तोडा माझ्या घरी."

म्हणजे जमीन मिळाली. निदान उन्हाळाभर तरी. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं आहे आणि करंडा अजून माझ्याकडेच आहे, उद्या परत करायला जायचं आहे.

बोट धुतलं तरी नखाच्या कडेला कुंकू आहे. काकू टिकली लावायला विसरल्या नव्हत्या.